बाटलीवरचं नाव

पावणेसातला इन्क्युबेटरचं दार उघडलं
की तो वास येतो, उबट, शिळ्या ताकासारखा.
वीस वर्षं झाली, नाकाला अजून सवय नाही.

बाटलीवर नाव कन्नडमध्ये. सिस्टर शिवलीलाचं अक्षर,
गोल गोल, जोंधळ्याच्या दाण्यासारखं.
गौतमी घाडी. चौदा महिने. कणकुंबी. बेड चार.
दोन मिलि रक्त, तेही टाचेपाशी शीर सापडली म्हणून.

मला प्लेट वाचता येते. एवढंच येतं.
सहा चकत्या, सहा औषधं.
औषध लागू पडलं तर चकतीभोवती रिकामं वर्तुळ राहतं;
जंतू तिथवर येतात नि थांबतात.
मी पट्टी लावते, मिलिमीटर मोजते.
आमच्या बेळगावात रेघेवरून काय काय झालं,
पाट्यांना डांबर, बसच्या काचा,
माझे काका पंधरा दिवस हिंडलग्याच्या तुरुंगात बसून आले.
दोन्ही बाजूंनी मानलेली रेघ
मी फक्त काचेच्या बशीत पाहिली आहे.

आज एकही नव्हती.
चकतीला खेटून उगवले होते,
दाट, दुधावरच्या सायीसारखे.
अमिकासिन, आर. मेरोपेनेम, आर.
आर म्हणजे रेझिस्टंट,
आजीच्या भाषेत, जुमानत नाही.
सहा वेळा एकच अक्षर काढलं,
सहावं जरा वाकडं आलं.

उरलं कोलिस्टिन. त्याची चकती चालत नाही.
ते बारक्या विहिरींत घालायचं, ओळीनं पातळ करत,
आणि उद्या उजेडात धरून बघायचं
कुठवर गढूळ, कुठून निवळ.
उद्या, असं मी फोनवर म्हटलं.
डॉक्टर किल्लेदार म्हणाले, तोवर सुरू करतो,
आणि लघवी मोजत बसतो.

दुपारी खिडकीशी तिची आई.
जाळीखालून एक पिशवी आत सरकवली.
"एवढं सगळं दिलंय ओ बाई, थेंब सांडला नाय.
काय म्हणायलंय तुमचं मशीन?"
तीन सिरपं, जांबोटीच्या दुकानातली.
अर्धी कापलेली पट्टी.
वर्तमानपत्रात बांधलेल्या पुड्या,
आणि शेजारणीच्या नातवाचं उरलेलं औषध,
तिनं मायेनं दिलेलं.
लेबलं वाचली. दोन नावं सकाळचीच होती,
त्यांच्यापुढे मी आर लिहून आले होते.

सांगायला हवं होतं, की हा जंतू
तिनं कणकुंबीहून आणलेला नसणार;
तो इथलाच बहुधा, नळीतला, बेसिनच्या जाळीतला,
आमच्यापैकी कुणाच्या तरी बोटांवरचा.
तोंडून निघालं, "पिशवी राहू दे इथंच."
ती मान हलवून गेली, जणू मी औषध लिहून दिलं.
माझ्या फ्रीजच्या दारात, लोणच्यामागे,
पोराच्या गेल्या तापातली अर्धी बाटली आहे.
त्या रात्री ती काढली,
ओतायची कुठे ते कळेना, परत ठेवली.

सकाळी विहिरी उजेडात धरल्या.
पहिली गढूळ. दुसरी
दोनदा बघितली, चष्मा पुसून.
निवळ.
वॉर्डात फोन केला. शिवलीला थोडा वेळ बोललीच नाही,
मग म्हणाली, "चलो आत री."
मागे व्हेंटिलेटरचा आवाज, एकसारखा,
आणि ताप अजून एकशेदोन.

ठेवते ठेवते तोच मशीननं पिवळा दिवा लावला.
नवी बाटली. बेड पाच.
चार नि पाचच्या मध्ये एक हिरवा पडदा आहे,
धोब्याकडून येतो, पुन्हा लावतात.
स्लाइडवर तेच जाडजूड, गुलाबी दांडके.
मी हात धुतले, कोपरापर्यंत. परत धुतले.
मग बाटली फिरवून तिच्यावरचं नाव
एकेक अक्षर लावत वाचलं.